दारांवरची बीडिंग आणि डिकीची क्रोम पट्टी: चिकटवण्यासाठी नेमके काय वापरावे?

गोदाकाठ, नाशिक (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी घेतलेली नऊ वर्षांची चंदेरी हॅचबॅक आहे. गेल्या दिवाळीत कसारा घाट उतरताना चालकाच्या दाराची बीडिंग (दारावर बाहेरून आडवी बसणारी प्लास्टिकची पट्टी) मागच्या टोकाकडून सुटली आणि वाऱ्याने दारावर आपटू लागली. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये झटपट चिकटणाऱ्या गमचे सात-आठ थेंब टाकून ती परत बसवून दिली. दोन मिनिटांत दगडासारखी घट्ट बसली म्हणून आम्हाला समाधान वाटले. परंतु आठवडाभरात बीडिंगच्या वरच्या कडेने रंगावर पांढरट धुके धरल्यासारखा पट्टा उमटला, आणि मार्चमध्ये ऊन तापू लागताच मधला भाग टक्कन उखडला. जाताना दोन ठिकाणी नखाएवढे रंगाचे पापुद्रे घेऊन गेला. खाली प्रायमर दिसतो, पत्रा अजून उघडा पडलेला नाही.

आता चारही दारांची नवी बीडिंग, डिकीच्या हँडलवर बसणारी क्रोम पट्टी आणि मागच्या बंपरच्या कडेला लावायची काळी प्लास्टिकची पट्टी असे सामान आणले आहे. दुकानदाराने काउंटरवर चार वस्तू मांडल्या: पांढऱ्या फोमची डबल टेप, लाल फिल्म असलेली करडी टेप, सिलिकॉनची ट्यूब आणि दोन भाग मिसळायचे इपॉक्सी. चारही चालतील, असे त्यांचे म्हणणे पडले. एकाच दारावर तिसऱ्यांदा प्रयोग करण्याची माझी तयारी नाही. वडील या गाडीला फार जपतात आणि तो पांढरा डाग ते रोज सकाळी फडक्याने पुसून पाहतात. जाणकारांनी कृपया कारणांसह सांगावे.

पाचवा_मैल, चंद्रपूर

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या असलेल्या गडद गाडीच्या पत्र्याला हात लावता येत नाही. त्यामुळे काय वापरू नये, हे मी अनुभवावरून सांगू शकतो.

पहिल्यांदा मी रेक्झिन आणि सनमायका चिकटवण्याचा पिवळसर रबरी गम दोन्ही बाजूंना लावून पट्टी बसवली होती. हिवाळा उत्तम गेला. मे महिन्यात तो गम मऊ पडला आणि पट्टी दिवसाला थोडी थोडी करत खाली घसरत गेली. दुपारी पाहिले तर तिच्या मागे मधाच्या तारा सुटाव्यात तशा गमच्या तारा ताणलेल्या दिसत होत्या. शिवाय त्यातील द्रावकाने रंगाची चकाकी गेली, ती पॉलिशनेही परत आली नाही. दुसऱ्यांदा पांढऱ्या फोमची टेप वापरली. तिचा गम दोन्हीकडे धरून राहिला, पण मधला फोमच चिरला, आणि अर्धा थर दारावर व अर्धा पट्टीवर राहिला. ती टेप घरातल्या भिंतीवर हलकी वस्तू लावायला ठीक आहे, गाडीच्या बाहेरच्या अंगाला नाही.

साचेकाम, चाकण

गेली अठरा वर्षे मी वाहनांचे प्लास्टिकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत ताकदवान गम कोणता, असा प्रश्न बहुतेक जण विचारतात. माझ्या मते विचारायचे ते वेगळेच आहे: ज्या दोन वस्तू जोडायच्या त्या कशाच्या आहेत, आणि उन्हात त्या एकमेकींच्या तुलनेत किती सरकतात? वजन हा येथे प्रश्नच नाही. चांगल्या ॲक्रिलिक फोम टेपसाठी स्थिर वजनाचा ढोबळ हिशेब किलोमागे सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर असा धरतात. तुमची एक बीडिंग ३०० ग्रॅमची धरली तर तिला १७ चौरस सेंटिमीटर टेप पुरते, आणि १२ मिलिमीटर रुंदीची एकच पट्टी ९० सेंटिमीटर लांब लावली तरी १०८ चौरस सेंटिमीटर होतात. म्हणजे सहापट. तरीही बीडिंगा सुटतात, त्या वजनाने नव्हे.

एबीएस प्लास्टिक उष्णतेने पोलादाच्या सहा-सातपट प्रसरण पावते. एक मीटर लांबीची एबीएसची पट्टी जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत, म्हणजे साधारण ५० अंशांच्या फरकात, सुमारे ४ मिलिमीटर वाढते. त्याच लांबीचा दाराचा पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढतो. उरलेला साडेतीन मिलिमीटरच्या आसपासचा फरक दोन्ही टोकांना निम्मा निम्मा येतो. प्रत्येक टोकाला पावणेदोन मिलिमीटर सरकण्याची मुभा गमच्या थराने द्यायची असते. झटपट गम, म्हणजे सायनोॲक्रिलेट, काचेसारखा कडक थर बनवतो. त्याला सरकता येत नाही, म्हणून तो तडकतो किंवा त्याच्याहून दुबळ्या असलेल्या रंगाच्या थराला उखडतो. तुमच्या दारावर नेमके हेच झाले. पांढरे धुके हाही त्याचाच गुण: त्याची वाफ शेजारच्या पृष्ठभागावर बसते आणि हवेतील ओलाव्याने तेथेच गोठते. रंगाच्या वरच्या थरात ते मुरले नसेल, तर बारीक रबिंग कंपाउंडने निघण्याची बरीच शक्यता आहे.

ॲक्रिलिक फोमची टेप मात्र आतून चिकट आणि लवचिक असते. आडव्या दिशेने ती आपल्या जाडीच्या सुमारे तिप्पट सरकणे सहन करते. १.१ मिलिमीटर जाडीची टेप घेतल्यास ३.३ मिलिमीटरपर्यंत मुभा मिळते, आणि तुमची गरज पावणेदोनची आहे. या जातीची व्हीएचबी टेप ३एम कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणली. आता इतरही कंपन्या अशा टेप बनवतात, आणि कारखान्यातून निघणाऱ्या गाड्यांची बीडिंग व चिन्हे बहुधा याच जातीच्या टेपने बसवलेली असतात. दुकानात परीक्षा करायची असेल तर बोटभर तुकडा कापून ताणून पाहावा. ॲक्रिलिक फोम च्युइंगमसारखा लांबत जातो, पांढरा पॉलिथिलीन फोम थोडासा ताणून तुटतो. लाल फिल्म ही मात्र खूण मानू नये, कारण ती कोणत्याही टेपवर लावता येते.

आता बंपरची काळी पट्टी. तिच्या आतल्या अंगाला साच्यातून उमटलेली इंग्रजी अक्षरे असतील, ती वाचून सांगावीत. एबीएस असेल तर काळजी नाही. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असेल तर तिच्यावर कोणताही गम नीट पसरत नाही, कारण त्याची पृष्ठऊर्जा, म्हणजे गमला आपल्यावर पसरू देण्याची पृष्ठभागाची क्षमता, फार कमी असते. एबीएसची ४० मिलिन्यूटन प्रति मीटरच्या आसपास, तर पीपीची ३० च्या आसपास. अक्षरे नसल्यास पट्टी स्वच्छ करून तिच्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहावा. अळूच्या पानावर राहतो तसा गोल राहिला, तर प्रायमरशिवाय (रंगाखालचा नव्हे, टेपची पकड वाढवणारा द्रव) टेप लावू नये. ३एमचे प्रायमर ९४ अशाच प्लास्टिकसाठी असते. त्याचा अगदी पातळ हात पट्टीच्या मागे, टेप बसेल तेवढ्याच जागी द्यावा, काही मिनिटे वाळू द्यावा आणि गाडीच्या रंगाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

ताशीव_दगड

साचेकाम यांचे विवेचन पटले, तरी इपॉक्सीला सरसकट बाद करू नये असे वाटते. माझ्या गाडीच्या बॉनेटवरचे धातूचे गोल चिन्ह मी सहा वर्षांपूर्वी इपॉक्सीने बसवले आणि ते आजही हललेले नाही.

साचेकाम, चाकण

आपले निरीक्षण बरोबर आहे आणि ते वरच्या हिशेबाला धरूनच आहे. पाच सेंटिमीटरच्या धातूच्या चिन्हात आणि पत्र्यात ५० अंशांना जो फरक पडतो तो मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. एवढ्याने कडक गम तुटत नाही. लांबी वाढली की फरक वाढतो, म्हणून चिन्हाला चाललेली गोष्ट मीटरभर पट्टीला चालत नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. उद्या बॉनेटला पोचा आला आणि ते चिन्ह काढावे लागले, तर टेप दोऱ्याने कापता येते. इपॉक्सी रंगासकट निघते.

रंगशाळा, कोल्हापूर

माझे डेंटिंग-पेंटिंगचे वर्कशॉप आहे. वर सिलिकॉनच्या ट्यूबचा विषय राहून गेला, तो आमच्या धंद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे.

सिलिकॉन लवचिक असते, पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे लोकांना ते योग्य वाटते. पण ज्या पॅनेलला एकदा सिलिकॉन लागले, त्यावर पुन्हा रंग मारताना रंग फाकतो आणि बारीक गोल खड्डे पडतात; त्याला आम्ही फिशआय म्हणतो. डोळ्यांना दिसणार नाही एवढा अंश राहिला तरी हे होते, आणि पॅनेल परत घासून पहिल्यापासून काम करावे लागते. शिवाय स्वस्त ट्यूब उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर सुकताना तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. जेथे तुमचा रंग उखडला आहे तेथे असे आम्ल लागणे म्हणजे गंजाला आमंत्रण आहे.

काचा बसवण्याचा काळा पॉलियुरेथेन गमही काही जण सुचवतात. जोड म्हणून तो फार भक्कम आहे, परंतु ऊन सहन करत नाही. पुढच्या काचेच्या कडेला जी काळी पट्टी आणि ठिपके असतात, ते त्या गमवर ऊन पडू नये यासाठीच मुख्यतः असतात. तो हवेतल्या ओलाव्याने हळूहळू घट्ट होतो, तोवर पट्टी चिकटपट्टीने धरून ठेवावी लागते, आणि नंतर काढायची झाल्यास तार घेऊन झुंजावे लागते. बीडिंगसाठी एवढ्या ताकदीची गरजच नाही.

जुना गम काढण्याची रीत सांगतो. हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत गरम करावे आणि मासेमारीचा तंगूस दोन्ही हातांना गुंडाळून टेपच्या थरातून करवतीसारखा पुढेमागे चालवावा. स्क्रूड्रायव्हर किंवा पाते अजिबात लावू नये. राहिलेला फोम अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघतो, उरलेल्याला संत्र्याच्या सालीच्या तेलाचा रिमूव्हर चालतो. रॉकेलनेही निघते, मात्र मागे तेलकट थर राहतो आणि तो साफ न करता टेप लावली तर दोन दिवसांत हातात येते.

धागाकर्त्यांनी एक गोष्ट आधी करावी. रंग उडालेल्या दोन जागा टचअप करून घ्याव्यात आणि ओव्हनमध्ये न भाजलेला रंग असेल तर महिनाभर थांबावे. ताज्या रंगातून द्रावक बाहेर पडत राहतो आणि टेपखाली फुगे धरतात. टेप कितीही चांगली असली, तरी ती खालच्या रंगाइतकीच टिकणार. तसेच वॅक्स, पॉलिश किंवा सिरॅमिक कोटिंग केलेले असेल, तर टेपच्या जागेवरून ते पूर्ण काढावे लागते. नुकतीच पॉलिश केलेली गाडी घेऊन बीडिंग लावायला येणारे ग्राहक मला दर दसऱ्याला भेटतात आणि त्यांना परत पाठवताना वाईट वाटते.

भाट्याची_वाळू, रत्नागिरी

कोकणातल्यांसाठी दोन शब्द. आमच्याकडे पूर्वी पट्ट्या सरळ स्क्रूने किंवा रिव्हेटने ठोकत असत. खाऱ्या हवेत त्या भोकांच्या कडेने गंज धरतो आणि तो पट्टीखाली असल्याने फुगा येईपर्यंत कळतच नाही. गम सुटतो म्हणून ड्रिल मारण्याचा मोह कोणीही करू नये.

दुसरे असे की पावसाळ्यात हे काम काढूच नये. जुलैच्या हवेत पत्रा कोरडा दिसला तरी कोरडा नसतो. अल्कोहोलने पुसल्यावर ते भरकन उडते, त्याने पत्रा गार पडतो आणि दमट हवेत त्याच जागी बाष्पाचा अदृश्य थर धरतो. माझी डिकीची पट्टी याच कारणाने आठ दिवसांत सुटली होती. म्हणून एका फडक्याने अल्कोहोल लावावे आणि ते उडण्याआधीच दुसऱ्या कोरड्या, धाग्यांचे तुस न सुटणाऱ्या फडक्याने पुसून घ्यावे. म्हणजे मळही फडक्यात येतो, जागच्या जागी पसरत नाही. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळण्याची जी भोके असतात, त्यांवर कोणतीही पट्टी येऊ देऊ नये. ती बुजली की दार आतून कुजते.

शेवंती, पुणे

उत्तम चर्चा. आतल्या बाजूला, डॅशबोर्डवर आणि दारालगतच्या खांबांवर लाकडी दिसणाऱ्या पट्ट्या लावायच्या आहेत. तेथेही हीच टेप चालेल का?

साचेकाम, चाकण

ताई, डॅशबोर्डच्या सपाट, कडक भागावर चालेल, तेथे ०.८ मिलिमीटर जाडी पुरते. मात्र गुळगुळीत चमक येण्यासाठी डॅशबोर्डला जे सिलिकॉनचे पॉलिश लावतात, ते आधी काढावे लागेल. खांबांबाबत कृपया फार काळजी घ्यावी. खांबाच्या आवरणावर एअरबॅग असे शब्द उठावाने लिहिलेले असतील, तर त्या आवरणावर किंवा त्याच्या सांध्यावर काहीही चिकटवू नये. हेच स्टीअरिंगच्या मधल्या भागाला आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डच्या झाकणाला लागू आहे. एअरबॅग उघडताना ती पट्टी प्रवाशाच्या तोंडावर येईल.

गोदाकाठ, नाशिक (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काळ्या पट्टीच्या मागे दिवाणखान्यातला दिवा तिरका धरून पाहिले, तेव्हा पीपी आणि त्यापुढे ईपीडीएम (एक प्रकारचे रबर) अशी बारीक अक्षरे सापडली. बीडिंग आणि क्रोम पट्टी दोन्ही एबीएसच्या आहेत. टचअप करून घेतला, पाच आठवडे थांबलो आणि गेल्या रविवारी सकाळी आठ वाजता, ऊन चढण्यापूर्वी, काम केले. रंगाचा पांढरा पट्टा कंपाउंडने जवळजवळ गेला आहे. जेथे राहिला आहे तो नव्या बीडिंगच्या खाली झाकला गेला आहे.

नव्या बीडिंगला मागे आधीपासूनच पांढरी फोम टेप लावलेली होती, ती सोलून काढण्यातच अर्धा तास गेला. मग १.१ मिलिमीटरची करडी ॲक्रिलिक टेप लावली. दारावर दोन टोकांना कागदी मास्किंग टेप लावून त्यावर पेन्सिलने उंची आखून घेतली, कारण ही टेप एकदा टेकली की हलवता येत नाही. लाल फिल्म पूर्ण न काढता दोन्ही टोकांची बोटभर सोडवून बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली, आखलेल्या रेघेवर पट्टी हलकेच टेकवली, रेघ जुळल्याची वडिलांनी खात्री केली, आणि मगच शेपटी धरून फिल्म सावकाश खेचून काढली. नंतर मधून टोकांकडे अंगठ्याने जोर देत गेलो.

एक गोष्ट कोणी लिहिली नव्हती, म्हणून नोंदवतो. मागच्या दाराच्या बीडिंगला किंचित बाक कमी होता. ती दाबली की बसे, सोडली की टोक दोन मिलिमीटर वर येई. तशीच चिकटवली असती तर तिने रोज आपल्या अंगच्या ताणाने टेप उचकटली असती. म्हणून ती उन्हात ठेवून, ड्रायरची ऊब देऊन हळूहळू वाकवली आणि दाराला विनाजोर टेकू लागल्यावरच टेप लावली. गाडी तीन दिवस धुतली नाही.

साचेकाम, चाकण

ही बाकाची गोष्ट मी लिहायला हवी होती. टेपला आडवा ताण सोसतो, पण टोकापासून सोलणारा ओढा सोसत नाही, आणि बाक न जुळलेली पट्टी अहोरात्र सोलतच असते. तीन दिवस थांबलात हेही योग्य केलेत. साधारण २१ अंशांना या टेपची पकड पहिल्या २० मिनिटांत निम्मी, एका दिवसात ९० टक्के आणि ७२ तासांत पूर्ण होते. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्याहून लवकर होते. डिसेंबरच्या पहाटे दहा-बारा अंशांत मात्र टेप कडक पडते आणि नीट धरतच नाही.

गोदाकाठ, नाशिक (धागाकर्ता)

पावसाळा संपला, म्हणून धागा वर काढून हकीकत कळवतो. चारही दारांची बीडिंग आणि डिकीची पट्टी जशीच्या तशी आहेत; कडेने नख घातले तरी शिरत नाही. बंपरच्या काळ्या पट्टीचे डावे टोक मात्र तीन सेंटिमीटर उचलले होते. ते सोडवून पाहिले तर तेवढ्याच भागात प्रायमरचा हात पोहोचलेला नव्हता. टेप बंपरला घट्ट धरून होती, पट्टीवरून मात्र मेणकागद निघावा तशी स्वच्छ निघाली. प्रायमर लावलेल्या भागात तीच टेप ओढून फोम लांबला, पण सुटला नाही. ते टोक साफ करून, प्रायमर देऊन, नव्या तुकड्याने परत बसवले आहे. परवा वडील गाडी घेऊन कसारा घाटातून कल्याणला जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी सगळ्यात आधी चालकाच्या दाराच्या बीडिंगवरून हात फिरवून पाहिला.

रंगशाळा, कोल्हापूर

छान झाले. बंपरचे ते टोक चाकामागे येते. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुवून घेत असाल, तर नळीचे तोंड तेथून हातभर दूर धरायला सांगा आणि फवारा टोकाच्या फटीत थेट मारू देऊ नका.